छातीतला राखणदार

(प्रौढ साक्षरता वर्गांपुढे दिलेले भाषण)



मोसंबीची बाग धरली की राखणदार ठेवावा लागतो, हे जालना जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. ज्वारी हुरड्यात आली की पाखरे येतात. फळ भरले की चोर येतात. राखणदार जागा असला, त्याच्या पोटात भाकर असली, तर माल घरात येतो. आज आम्ही तुमच्याशी अशाच एका राखणदाराविषयी बोलणार आहोत. मात्र हा राखणदार शेतात नाही. तो तुमच्या-आमच्या छातीत आहे. ज्या चोराशी त्याची गाठ पडते, त्या चोराचे नाव क्षय. कोणी त्याला टीबी म्हणतात.

हा विषय आम्ही का घेतला? वर्गात, पारावर, बाजारात एकच प्रश्न आमच्या कानी पुन्हा पुन्हा येतो. "घरात सहा माणसं. एका चुलीचं खातात, एका खोलीत निजतात. मग टीबी एकालाच कसा?" या प्रश्नाला लोक आपापल्या परीने उत्तर देतात. कोणी म्हणतो नशीब. कोणी म्हणतो करणी. कोणी म्हणतो मागच्या जन्मीचे पाप. आणि आजारी पडलेली सून असली, तर तिचे बोचके बांधून तिला माहेरी धाडतात. एका चुकीच्या उत्तरापायी एका बाईचा संसार मोडतो. म्हणून खरे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. ते या राखणदाराच्या हकीकतीत आहे.

प्रथम चोर कसा येतो ते पाहू. फुफ्फुसाचा क्षय झालेला माणूस औषधाविना असला आणि तो खोकला, शिंकला, की फार बारीक थेंब हवेत उडतात. त्या थेंबांत क्षयाचे जंतू असतात. बंद खोलीत असे थेंब तासन्‌तास तरंगत राहतात. दुसऱ्याने श्वास घेतला की ते त्याच्या छातीत जातात. ताटवाटीने हा रोग लागत नाही. हात लावल्याने लागत नाही. तो हवेतून लागतो.

आता छातीत काय आहे ते पाहा. आपले फुफ्फुस म्हणजे हवेच्या कोट्यवधी फुग्यांचा घोस. एकेक फुगा मोहरीच्या दाण्याहून लहान. त्या फुग्यांच्या आतल्या बाजूने काही पेशी फिरत असतात. पेशी म्हणजे काय? घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे. फरक इतकाच, की ही वीट जिवंत असते. फुग्यांत फिरणाऱ्या या पेशींना शास्त्रज्ञ महाभक्षी पेशी म्हणतात. आपण त्यांना राखणदार म्हणू. धूळ असो, धूर असो, जंतू असो, जे आत येईल ते धरायचे, गिळायचे आणि पचवून टाकायचे, हे त्यांचे काम. हे काम त्यांना कोणी शिकवलेले नसते. मूल जन्माला येते ते ही राखण बरोबर घेऊनच. म्हणून तिला उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात.

चोराचा आणि राखणदाराचा शोध एकाच साली लागला, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन शहरात रॉबर्ट कॉख या डॉक्टराने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणून २४ मार्च हा दिवस जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळतात. त्याच वर्षाच्या अखेरीस एली मेच्निकॉफ नावाचा रशियन शास्त्रज्ञ इटलीत मेसिना या गावी समुद्रकाठी राहत होता. तारामाशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्याने बागेतले काटे आणून त्यांना टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तो काट्याभोवती हलणाऱ्या पेशींचा घोळका जमलेला! काटा परका आहे हे त्या पेशींना कळले होते. शरीरात राखणदार आहेत हे त्यावरून त्याने ओळखले. या कामाबद्दल त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण एक कोडे उरलेच. राखणदाराला डोळे नाहीत, कान नाहीत. मग आलेला माल घरचा की परका, हे त्याला कळते कसे?

याचे उत्तर बाजारात मिळते. आंधळा माणूस हाताने चाचपून नाणे ओळखतो. एक रुपया कोणता, पाच रुपयांचे कोणते, त्याला बोट लावले की कळते. राखणदाराचेही तसेच आहे. त्याच्या अंगावर फार सूक्ष्म हात असतात. शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. एकेक हात एकेका खुणेसाठी घडलेला असतो. कुलपाला जशी त्याची किल्ली, तशी या हाताला त्याची खूण. ती खूण हातात बसली की राखणदार जागा होतो.

हे हात सापडायला मात्र शंभराहून जास्त वर्षे गेली. १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन आणि त्यांचे सोबती फळांवर बसणाऱ्या बारीक माशीवर काम करीत होते. त्या माशीत 'टोल' नावाचा एक हात असतो. तो बिघडलेला असला, तर माशी बुरशी लागून मरते, असे त्यांना दिसले. रस्त्यावरच्या टोलनाक्याशी या नावाचा संबंध नाही बरं का! जर्मन भाषेत त्याचा अर्थ 'झकास' असा आहे. १९९८ साली अमेरिकेत ब्रूस ब्यूटलर यांनी उंदरात तसाच हात दाखवून दिला. या दोघांना २०११ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. माणसात टोलच्या घराण्यातले असे दहा हात आहेत.

आता क्षयाचा जंतू कसा असतो ते ऐका. त्याच्या अंगावर मेणासारखा जाड थर असतो. त्या मेणात चरबी आहे, साखरेच्या लांब साखळ्या आहेत. असे मेण माणसाच्या शरीरात कोठेही नाही. म्हणून ते परकेपणाची पक्की खूण ठरते. कुष्ठरोगाचा जंतूही याच जातीचा, याचा चुलतभाऊ. टोलच्या घराण्यातला दुसऱ्या क्रमांकाचा हात या थरातल्या चरबीच्या आणि साखरेच्या खुणा ओळखतो. तो क्षयाचा जंतू ओळखतो हे १९९९ साली दिसून आले. मिंकल नावाचा आणखी एक हात मेणातलाच एक खास पदार्थ ओळखतो. हे जपानमधील शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवले. काही हात राखणदाराच्या पोटात असतात. नवव्या क्रमांकाचा टोल गिळलेल्या जंतूचे बीजद्रव्य ओळखतो. नॉड-दोन नावाचा हात जंतूच्या भिंतीचे तुकडे हाती लागले की सावध होतो. म्हणजे चोर दारात धरला नाही, तर माजघरात धरायचा, अशी ही व्यवस्था आहे.

हात जागा झाला की पुढे काय होते? राखणदार हाका मारतो. त्याच्या हाका म्हणजे रक्तात सोडलेले रासायनिक पदार्थ. त्या ऐकून आणखी पेशी धावत येतात. दोन ते आठ आठवड्यांत खास शिकलेल्या सैनिक पेशीही तयार होतात. सगळे मिळून जंतूंभोवती घेराव घालतात. त्याची बारीक गाठ होते. गुरांना कोंडवाड्यात कोंडतात, तसे जंतू त्या गाठीत कोंडले जातात. ते मरतातच असे नाही, पण बाहेर पडू शकत नाहीत.

क्षयाच्या रोग्याला संध्याकाळी ताप चढतो, अन्न जात नाही, अंग झडते. यामागे बरेचसे याच हाकांचे काम असते. लढाई लांबली की राखणदाराचा आरडाओरडा शरीरालाच खाऊ लागतो. पण म्हणून हाका नकोत असे म्हणता येणार नाही. सांधेदुखीच्या एका कठीण आजारावर असे औषध निघाले, की जे यांतली एक मोठी हाकच बंद करते. २००१ साली अमेरिकेतील डॉक्टरांच्या ध्यानात आले, की ते औषध घेणाऱ्या काही लोकांत कोंडलेला क्षय पुन्हा उसळतो. हाक थांबली आणि कोंडवाड्याचे दार उघडले! तेव्हापासून असे औषध देण्याआधी क्षयाची तपासणी करतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. क्षयाचे जंतू ज्यांच्या छातीत शिरतात, अशा शंभर माणसांपैकी साधारण पाच ते दहाच माणसे आयुष्यात कधीतरी क्षयाने आजारी पडतात. बाकीच्यांचा चोर कोंडलेलाच राहतो. त्यांना खोकला नाही, ताप नाही, आणि त्यांच्यापासून कोणाला लागणही होत नाही. म्हणजे घरातल्या सहाजणांपैकी एकालाच क्षय झाला, याचा अर्थ बाकीच्या पाचांच्या छातीत चोर शिरलाच नाही असे नव्हे. कदाचित शिरला असेल, पण त्यांच्या राखणदारांनी तो धरून ठेवला असेल. आजारी पडलेल्याने पाप केलेले नसते. त्याचा राखणदार थकलेला असतो, किंवा चोर फार संख्येने आलेले असतात. काही माणसांचे हातही जन्मतः थोडे वेगळे घडलेले असतात. यात कोणाचा दोष?

शिवाय हा चोर मोठा लबाड आहे. राखणदाराच्या अंगावर एक मऊ हात असतो, तो एका जातीची साखर ओळखून आत ओढून घेतो आणि फारशी आरोळी ठोकीत नाही. क्षयाचा जंतू साखरेची टोपी घालून नेमका त्याच दाराने शिरतो. ज्या खुणांनी टोल सावध होईल, त्यांवर तो मेणाचे पांघरूण ओढतो. गिळला गेल्यावर राखणदाराच्या पोटातील पाचक रस आपल्यापर्यंत पोचू देत नाही, आणि तेथेच बिऱ्हाड करतो. कुंपणच शेत खाते अशी म्हण आहे. येथे कुंपण शेत खात नाही, पण चोर कुंपणातच लपून बसतो. त्याला घाईही नसते. हगवणीचा साधा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी सुमारे वीस तास लागतात. तो वाट पाहतो. वर्षानुवर्षे वाट पाहतो. राखणदार केव्हा दमतो, याची वाट पाहतो.

तर राखणदार दमतो कशाने? हे तुम्ही लक्ष देऊन ऐका.

पहिले कारण उपासमार. भाकर नाही तर राखण नाही. झारखंड राज्यात २०१९ ते २०२२ या काळात एक मोठी पाहणी झाली. क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली. ज्या घरांत असे धान्य सर्वांना दिले नव्हते, त्या घरांशी तुलना केली. धान्य मिळालेल्या घरांत नवीन क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. फुफ्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी कमी झाला. औषध नव्हे, नुसते पोटभर चांगले अन्न! म्हणून घरात सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले खाणाऱ्या बाईला आमचे सांगणे आहे. बाई, तू आधी जेव. आणि पुरुषांना सांगणे आहे, तिच्या ताटात वरण आहे की नाही ते पाहा.

दुसरे कारण मधुमेह. साखरेच्या आजारात राखणदाराचे हात सुस्त होतात. अशा माणसाला क्षय होण्याचा धोका दोन ते तीन पट असतो. तिसरे कारण धूर. विडी, सिगारेट आणि कोंडलेल्या घरातला चुलीचा धूर गिळता गिळताच राखणदार थकून जातो. चौथे कारण दगडाची बारीक धूळ. खडी फोडण्याच्या यंत्रावर, खाणीत, लोखंडाच्या ओतकामात ही धूळ उडते. ती राखणदाराला पचत नाही, उलट त्यालाच मारते. जालन्यात लोखंडाचे कारखाने पुष्कळ आहेत. तेथे आणि खडीच्या यंत्रावर काम करणाऱ्यांनी तोंडावर चांगली पट्टी मागून घ्यावी, धुळीवर पाणी मारायला लावावे. पाचवे कारण दारू. सहावे एचआयव्हीची लागण, कारण ती सैनिक पेशींनाच खाते.

राखणदाराला मदत करण्याचा एक जुना उपाय तुमच्यापैकी पुष्कळांच्या डाव्या दंडावर आहे. तो बारीक वण बीसीजी लशीचा. फ्रान्समध्ये कालमेत आणि गेरँ या दोघांनी १९०८ पासून १९२१ पर्यंत तेरा वर्षे खपून गुरांच्या क्षयाचा जंतू दुबळा केला. त्याचीच ही लस. आपल्या देशात ती १९४८ साली मदनपल्लीत सुरू झाली. २०१२ साली हॉलंडमधील शास्त्रज्ञांना दिसले, की ही लस नॉड-दोन या हाताला जागवून राखणदाराच्या पूर्वज पेशींना जणू तालीम देते. तान्ह्या मुलांचा मेंदूचा क्षय ती टाळते. म्हणून मूल जन्मताच ती टोचून घ्यावी. मात्र मोठेपणी होणाऱ्या फुफ्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा नाही. मद्रासजवळ चिंगलपुट येथे १९६८ पासून झालेल्या मोठ्या पाहणीत हे स्पष्ट झाले. 'मला लस टोचली आहे, मला काय होते,' असे म्हणून खोकला अंगावर काढू नका.

आता एका नावाची आठवण करू. कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. वैद्यकाची पदवी घेणारी ही पहिली मराठी स्त्री. पण क्षयाने त्यांना गाठले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वय पुरते बावीससुद्धा नव्हते. कॉखने चोर दाखवून दिला त्याला पाच वर्षे होत आली होती, तरी त्याला मारणारे औषध कोणाकडे नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. आनंदीबाईंजवळ विद्या होती, धैर्य होते, पण त्यांच्या राखणदाराला एकट्याने झुंजावे लागले. आज तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात जे औषध फुकट मिळते, ते त्या काळी राजालाही मिळाले नसते.

पण औषध सहा महिने का? दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस येते. गडी म्हणतो, "आता बरं वाटतंय, कशाला गोळ्या?" येथेच घात होतो. औषधाने जागे असलेले जंतू आधी मरतात. राखणदाराच्या पोटात आणि गाठीत जे निजलेले असतात, त्यांना मारायला वेळ लागतो. मध्येच गोळ्या सोडल्या, तर उरलेले उठतात, आणि त्यांत त्या औषधाला न जुमानणारे निपजतात. मग इलाज लांबतो, कठीण होतो.

आपल्या जिल्ह्यातून दरसाल कितीतरी कुटुंबे उसतोडीला आणि वीटभट्टीवर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जाणे टळत नाही. तेव्हा जाण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगा. तुमचा निक्षय क्रमांक लिहून घ्या. तो दाखवला की जेथे जाल तेथल्या सरकारी दवाखान्यात गोळ्या चालू राहतात. लिहिता-वाचता येण्याचा हा केवढा उपयोग! क्रमांक स्वतः वाचता आला पाहिजे, गोळीची तारीख स्वतः मांडता आली पाहिजे.

आणि सुनेला माहेरी धाडण्याचे काय? मद्रासला १९५६ साली क्षयाच्या उपचारांचे एक केंद्र सुरू झाले. तेथे डॉक्टरांनी निम्मे रोगी रुग्णालयात ठेवले, आणि निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरांतच औषध दिले. घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले. त्यांच्या घरच्यांना लागणही जास्त झाली नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झाले, आणि जगभर रोग्याला घरीच औषध देण्याची रीत पडली. औषध नीट सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत रोग्यापासून लागण होण्याची भीती पुष्कळ कमी होते. मग तिला घराबाहेर काढायचे कशाला? खिडकी उघडा, तोंडावर पदर धरायला सांगा, तिला दूध-डाळ द्या, आणि गोळी घेतली का ते विचारा. हाच घरच्यांचा धर्म.

आता चार कामे सांगतो, ती ध्यानात ठेवा. दोन आठवड्यांवर खोकला राहिला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. घरात एकाला क्षय निघाला, तर बाकी सर्वांची तपासणी करा. जे निरोगी असतील, त्यांनाही कोंडलेला चोर मारण्यासाठी प्रतिबंधक गोळ्या मिळतात, त्या घ्या. रोग्याच्या खात्यावर सरकार आहारासाठी दरमहा पैसे जमा करते. २०१८ साली ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. ते अन्नावरच खर्च करा. आणि चौथे, गोळ्या पूर्ण करा.

जगात दर चार क्षयरोग्यांमागे जवळजवळ एक आपल्या देशात आहे. हा आकडा ऐकून हातपाय गाळू नका. तुमच्या छातीत रात्रंदिवस न झोपणारा राखणदार आहे. तो पगार मागत नाही. पोटभर अन्न, स्वच्छ हवा, आणि गरज पडली तर सहा महिने औषधाची साथ, एवढेच तो मागतो. तेवढे त्याला द्या.